कार्कासॉनला जाण्यापूर्वी

दक्षिण फ्रान्सचं कुठलंही प्रवासी पुस्तक उघडा, कार्कासॉनसाठी त्यात साधारण अर्धा दिवस राखलेला असतो. तुलूझहून सकाळच्या गाडीनं यायचं, तासाभराच्या आत उतरायचं, टेकडीवरचं तटबंदीचं गाव पाहायचं, बदक आणि पांढऱ्या घेवड्याचं कासुले खायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं. दुहेरी तट, बावन्न बुरूज, शंकूच्या आकाराची टोकदार छपरं. लहान मुलाला किल्ल्याचं चित्र काढायला सांगितलं तर तो जे काढेल, ते इथं दगडात उभं आहे.

मी या शहरासाठी दोन पूर्ण दिवस ठेवलेत, आणि त्यावरून घरात वाद झाला. माझा मावसभाऊ पंचवीस वर्षं सह्याद्रीतले गड पायाखाली घालतो आहे. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं, “अरे, तो किल्ला एकोणिसाव्या शतकात नव्यानं सजवलेला आहे. सिनेमाचा सेट पाहायला दोन दिवस कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधताच माझा सगळा आराखडा तयार झाला, म्हणून ते इथं मांडतो.

आधी त्याच्या बाजूनं बोलू. १६५९ साली फ्रान्स आणि स्पेन यांच्यात पिरेनीजचा तह झाला, सरहद्द दक्षिणेला डोंगरांपर्यंत सरकली आणि कार्कासॉनचं लष्करी महत्त्व संपलं. व्यापार आणि पैसा ओद नदीपलीकडच्या खालच्या शहरात होता. वरचं गाव, ज्याला ‘सिते’ म्हणतात, गरीब विणकरांची वस्ती झालं. बाहेरचा आणि आतला तट यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्याला ‘लिस’ म्हणतात. तिथं लोकांनी भिंतींना टेकून घरं बांधली. बुरुजांचे दगड काढून विकले जाऊ लागले. १८५० साली सरकारनं सितेचं नाव लष्करी ठाण्यांच्या यादीतून वगळलं, म्हणजे तट पाडायला वाट मोकळी झाली. स्थानिक इतिहासकार क्रो-मेरव्हिएय आणि ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक असलेला लेखक प्रोस्पेर मेरिमे यांनी जोर लावला, आणि तो निर्णय त्याच वर्षी मागे घेतला गेला. हाच मेरिमे ‘कार्मेन’चा लेखक.

मग आला व्हियोले-ल-द्युक, पॅरिसच्या नोत्र दामचं काम करणारा वास्तुविशारद. सितेतल्या सें-नाझेर चर्चचं काम त्यानं १८४४ मध्येच हाती घेतलं होतं. १८५३पासून तटबंदीचं काम सुरू झालं. १८७९ साली तो वारला, तरी त्याच्या आराखड्यांबरहुकूम काम पुढे विसाव्या शतकापर्यंत चाललं. जीर्णोद्धाराबद्दलचं त्याचं मत त्यानं लपवलेलं नव्हतं. त्याच्या लेखी जीर्णोद्धार म्हणजे नुसती डागडुजी नव्हे. वास्तू तिच्या कल्पनेनुसार पूर्णत्वाला न्यायची, मग ती प्रत्यक्षात कधीच तशी नसली तरी चालेल.

टोकदार छपरांवरचा वाद इथूनच निघतो. या भागातली घरं पसरट उताराची आणि लाल कौलांची. व्हियोले-ल-द्युकनं बुरुजांवर उत्तर फ्रान्समध्ये शोभतील अशी उभट, करड्या पाटीच्या दगडाची छपरं चढवली. तेराव्या शतकातले बुरूज उत्तरेतून आलेल्या राजसत्तेनं बांधले होते, त्यामुळे ती छपरं अगदीच निराधार नाहीत, असं त्याच्या बाजूनं म्हणता येतं. पण रोमन काळातल्या बुरुजांवरही तीच टोपी चढली, त्याचं समर्थन अवघड आहे. विसाव्या शतकात त्यातल्या काही बुरुजांची छपरं पुन्हा कौलारू केली गेली. म्हणजे दुरुस्तीचीही दुरुस्ती झाली. कार्कासॉनचं नाव जागतिक वारशाच्या यादीसाठी पहिल्यांदा पुढे आलं तेव्हा, १९८५ साली, या बदलांमुळेच ते मागे ठेवलं गेलं. १९९७ साली ते यादीत आलं, आणि गंमत म्हणजे तेव्हा व्हियोले-ल-द्युकचं काम हेच एक कारण म्हणून नोंदलं गेलं. त्या कामानं पुढच्या जतनशास्त्राला वळण लावलं, असं त्यात म्हटलं आहे.

तर मग भाऊ म्हणतो तसा हा सेट आहे का? नाही. भिंतींचं मुख्य अंग जुनंच आहे. व्हियोले-ल-द्युकचा हात मुख्यतः वरच्या भागात, कंगोऱ्यांत आणि छपरांत दिसतो. म्हणून माझ्या आराखड्याचा पहिला नियम असा, की वर बघायचं नाही, आधी खाली बघायचं. उत्तरेकडच्या आतल्या तटावर घोड्याच्या नालासारखे अर्धगोल बुरूज आहेत. त्यांच्या अंगात लहान दगडांच्या थरांमधून लाल विटांचे पट्टे गेलेले दिसतात. ते रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं काम. बाहेरचा तट तेराव्या शतकातला, फ्रान्सच्या राजांनी बांधलेला. एकाच भिंतीत पायथ्यापासून माथ्यापर्यंत दीडेक हजार वर्षं रचलेली आहेत. तीन किलोमीटरची तटबंदी अशी वाचत जायची, तर अर्धा दिवस त्यातच जातो.

रायगडावर आपण चौथरे पाहतो. १८१८च्या मे महिन्यात गड इंग्रजांकडे गेला, वाडे जळाले, आणि आज जोत्यांवर उभं राहून बाकीचं आपल्याला मनात बांधावं लागतं. त्या चौथऱ्यांवर पुन्हा वाडा उभा राहिलेला पाहावा, असं कितीदा तरी मनात येतं. कार्कासॉनमध्ये ती इच्छा पुरी झालेली आहे, आणि तिची किंमतही तिथंच मोजता येते. लिसमधल्या विणकरांची घरं या जीर्णोद्धारात हटवली गेली. ती सुंदर नव्हती, मध्ययुगीन तर नव्हतीच. पण त्या तटाला लोकांनी जो शेवटचा खराखुरा उपयोग दिला होता, तो पुसला गेला. आज त्या पट्ट्यातून निवांत फेरफटका मारता येतो. तो मीही मारणार आहे. फक्त जागा रिकामी का आहे, हे ठाऊक असलेलं बरं.

आता इतिहासाकडे. नार्बोनच्या बाजूच्या मुख्य दरवाजापाशी एका बाईचा अर्धपुतळा आहे, दाम कार्कास. शार्लमेननं पाच वर्षं वेढा घातला, धान्य संपलं, तेव्हा या सरदारीणबाईनं शेवटच्या डुकराला शेवटचे गहू चारून ते तटावरून खाली फेकलं. डुकराच्या पोटातून गहू सांडलेले पाहून, आत एवढा साठा असेल तर वेढा चालवण्यात अर्थ नाही, म्हणून शत्रू निघून गेला, अशी कथा. कथा झकास आहे, पण खरी नाही. हा मुलूख शार्लमेनच्या बापाच्या काळातच फ्रँकांकडे आला होता.

खरा वेढा १२०९ सालच्या ऑगस्टमधला. या भागात कॅथर पंथाचा जोर होता. भौतिक सृष्टी ही वाईट शक्तीची निर्मिती, असं ते मानत. त्यांचे साधक मांस खात नसत, शपथ घेत नसत, आणि रोमन चर्चचा अधिकार त्यांना मान्य नव्हता. पोपनं त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. जुलैत बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली. पुढचा क्रमांक कार्कासॉनचा. इथला तरुण सरदार रेमों-रॉजे त्रांकाव्हेल स्वतः कॅथर नव्हता, पण आपल्या प्रजेतल्या कॅथरांवर त्यानं हात उचलला नव्हता. वेढ्यात पाणी तुटलं. तो बोलणी करायला बाहेर गेला आणि कैद झाला. लोकांना जीवदान मिळालं, पण अंगावरच्या कपड्यांनिशी शहर सोडण्याच्या अटीवर. रिकामं शहर सिमों द मोंफोरच्या हाती गेलं. नोव्हेंबरमध्ये त्रांकाव्हेल कैदेतच वारला. हगवणीनं, असं सांगण्यात आलं. लोकांना विषाचा संशय होता. त्याच्या मुलानं १२४० साली शहर परत घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. तटाबाहेरच्या वस्तीनं त्याला साथ दिली होती, म्हणून ती वस्ती उठवली गेली. पुढे राजा नववा लुई यानं त्या लोकांना नदीपलीकडे नवं गाव वसवू दिलं. आखीव चौकटीतल्या सरळ रस्त्यांचं ‘बास्तीद सें-लुई’ ते हेच. पर्यटक या गावातून स्टेशनावरून टेकडीकडे जाताना फक्त वाट म्हणून जातात. मी मुक्काम इथंच करणार आहे, कारण ज्या गोष्टीसाठी मला दुसरा दिवस हवा आहे, ती या गावातल्या लोकांची आहे.

युद्ध संपल्यावर इन्क्विझिशन आलं. कार्कासॉन त्याचं मोठं केंद्र होतं. सितेचा तट आणि नदी यांच्यामध्ये त्यांचा तुरुंग होता, त्याचं नाव ‘मूर’, म्हणजे नुसतंच ‘भिंत’. एखाद्याला ‘भिंतीची’ शिक्षा झाली, म्हणजे तो त्या तुरुंगात गेला. आरोप कोणी केला, हे आरोपीला सांगत नसत. मेलेल्यांवरही खटले चालत. कास्तेल फाब्र नावाचा इथला एक प्रतिष्ठित नागरिक १२७८ मध्ये वारला आणि फ्रान्सिस्कन मठात पुरला गेला. बावीस वर्षांनी, १३०० साली, तो पाखंडी होता असा आरोप ठेवला गेला. मृतावर दोष सिद्ध झाला तर हाडं उकरून जाळायची आणि वारसांची मालमत्ता जप्त करायची, असा रिवाज होता. त्याच्या बचावाला उभा राहिला बेर्नार देलिसियो नावाचा फ्रान्सिस्कन साधू.

देलिसियो गप्प बसणारा नव्हता. तो गावोगाव प्रवचनं देत फिरला, राजाच्या अधिकाऱ्याला त्यानं बाजूनं वळवलं, आणि १३०३च्या ऑगस्टमध्ये लोकांच्या जमावासह त्या अधिकाऱ्यानं ‘भिंती’तले कैदी इन्क्विझिशनच्या हातून काढून राजाच्या तुरुंगात हलवले. पुढे राजा चौथा फिलिप दक्षिणेत आला तेव्हा देलिसियोनं त्याच्यासमोर सांगितलं, की आज सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला, तर या लोकांपुढे त्यांनाही स्वतःला निर्दोष ठरवता येणार नाही. आरोपकर्ता अदृश्य आणि आरोप मोघम असेल तर बचाव कशाचा करायचा, हा त्याचा मुद्दा. सातशे वर्षांनंतरही तो जुना झालेला नाही.

राजानं आश्वासनांपलीकडे काही दिलं नाही. खालच्या गावातल्या काही पुढाऱ्यांनी मग मायोर्काच्या राजपुत्राशी संधान बांधलं. कट उघडकीस आला आणि १३०५ मध्ये त्यांना फाशी झाली. देलिसियो तेव्हा वाचला. १३१७ साली तो आपल्या पंथातल्या कडव्या दारिद्र्यवाद्यांची बाजू मांडायला आव्हिन्योंला पोपकडे गेला, तिथं पकडला गेला. १३१९ साली खटला उभा राहिला. छळ करून जबाब घेतले गेले. एका पोपला विष दिल्याच्या आरोपातून तो सुटला, पण इन्क्विझिशनच्या कामात अडथळा आणणं आणि जादूटोण्याचं पुस्तक बाळगणं हे गुन्हे लागू झाले. शिक्षा, जन्मभर ‘भिंत’. बेड्या, भाकरी आणि पाणी. न्यायाधीशांनी त्याचं वय आणि प्रकृती पाहून शिक्षेत थोडी सवलत सुचवली, ती पोपनं फेटाळली. काही महिन्यांतच तो गेला. ज्या तुरुंगातून त्यानं माणसं बाहेर काढली, त्याच तुरुंगात.

त्या न्यायाधीशांपैकी एक होता झाक फूर्निए. त्यानं आपल्या बिशपपदाच्या काळात घेतलेल्या जबान्यांच्या नोंदवहीवरूनच ल रॉय लादुरीनं १९७५ मध्ये ‘मोंतायू’ हे गाजलेलं पुस्तक लिहिलं. म्हणजे मध्ययुगातल्या सामान्य शेतकऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो, तो त्याला दरडावून प्रश्न विचारणाऱ्यानं लिहून ठेवला म्हणून. इतिहास वाचणाऱ्यानं हे विसरू नये.

‘भिंत’ आज उभी नाही. व्हियोले-ल-द्युकनं बावन्न बुरूज सजवले, पण या तुरुंगाचा जीर्णोद्धार कोणाच्या आराखड्यात नव्हता. नकली-असलीच्या वादात भावाला मी हेच उत्तर दिलं, की जे नव्यानं बांधलं त्याची तक्रार सोपी आहे. काय बांधलं नाही, तेही मोजायला हवं.

तर दोन दिवस असे. पहिल्या दिवशी सकाळी लवकर, गर्दीच्या आत, ओदच्या बाजूच्या पश्चिम दरवाजानं सितेत शिरायचं. लिसमधून पूर्ण फेरी, मग शातो कोंताल आणि तटावरची वाट. सें-नाझेरमध्ये काचचित्रं आहेतच, पण तिथली वेढ्याचं दृश्य कोरलेली शिळाही चुकवायची नाही.

दुसरा दिवस खालच्या गावाचा. प्लास कार्नोच्या चौकात कॉफी. मग व्हेर्दं रस्त्यावरचं झोए बुस्के या कवीचं घर. १९१८च्या मे महिन्यात युद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागून तो कमरेखाली लुळा झाला. पुढची तीसेक वर्षं, १९५०पर्यंत, तो याच शहरात खोलीची दारं-खिडक्या लावून अंथरुणावर लिहीत राहिला, आणि एल्युआर, माक्स एर्न्स्ट, सिमोन वेय अशी माणसं त्याला भेटायला येत राहिली. चार भिंतींचं आणखी एक प्रकरण, पण निराळ्या जातीचं.

संध्याकाळी चौदाव्या शतकातल्या पों व्ह्यू या पुलावरून नदी ओलांडायची. सगळे इथं फोटोसाठी थांबतात, कारण इथून टेकडीवरचे सगळे बुरूज एका चौकटीत येतात. मी फोटो काढेनच. त्यानंतर पुलापलीकडे उतरून नदीकाठानं, तटाच्या खालच्या अंगाला, अर्धा तास चालायचं आहे. आराखड्यात या अर्ध्या तासापुढे ‘काय पाहायचं’ हा रकाना कोरा आहे. तिथं मी देलिसियोचं नाव लिहून ठेवलं आहे.