तरुण कॅन्सर रुग्णांसाठी लोकवर्गणी : पैसा नेमका कुठे लागतो?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना छेदतात. इथून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय साधारण १७० किलोमीटरवर आहे. नाशिकमध्येही कॅन्सरवर उपचार होतात, तरी काही रुग्णांना मुंबई गाठावी लागते. रुग्ण विशीतला असेल तर शिक्षण किंवा नुकतीच लागलेली नोकरी थांबते. सोबत जाणाऱ्या आई-वडिलांचा रोजगारही बुडतो. अशा वेळी मित्र, कॉलेज, गणेश मंडळं आणि नातेवाईक पुढे येऊन लोकवर्गणी काढतात.

सरकारी योजना असताना वर्गणी कशाला?

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. कॅन्सरचे अनेक उपचार तिच्यात बसतात. धर्मादाय रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात.

पण या सोयी मुख्यतः रुग्णालयातल्या खर्चासाठी आहेत. खोलीचं भाडं, जेवण, प्रवास आणि बुडालेली मजुरी कुटुंबालाच सोसावी लागते. रक्ताच्या एका कॅन्सरचे, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार साधारण २ ते ३ वर्षं चालतात. वर्गणी मात्र बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच जमते. पुढे पैसे संपले की उपचार अर्धवट सुटण्याचा धोका असतो.

ही उणीव कोण भरून काढतं?

संत गाडगे महाराजांनी लोकांच्या देणगीतून नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आज कॅन्सर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड्स ही संस्था उपचार घेणाऱ्या लहान मुलांच्या कुटुंबांना मोफत निवारा देते. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा गट बालपणीच्या कॅन्सरमधून बरे झालेल्या तरुणांना एकत्र आणतो.

मोठा निधी कसा उभा राहतो?

कॅनडाच्या टेरी फॉक्सला १८व्या वर्षी हाडांचा कॅन्सर झाला आणि त्याचा एक पाय कापावा लागला. १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. त्याच्या नावाने होणाऱ्या दौडींतून कॅन्सर संशोधनासाठी पैसा जमतो. मुंबई मॅरेथॉनमध्येही धावपटू सामाजिक संस्थांसाठी निधी उभारतात.

वर्गणी काढताना काय पाहावं?

• आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला भेटा. कोणत्या योजना लागू होतात ते कळलं की खरी तूट समजते.
• रुग्णालयातला खर्च आणि बाहेरचा खर्च वेगळा मांडा. आवाहनात उपचारांचा पूर्ण कालावधी सांगा.
• मंडळामार्फत सार्वजनिक वर्गणी काढायची असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात परवानगीची चौकशी करा.
• उपचाराचे पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा आणि पावती देणगीदारांना दाखवा.
• एखाद्या व्यक्तीला दिलेल्या मदतीवर आयकरात सवलत मिळत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, पण २,००० रुपयांवरची देणगी रोखीत दिली तर मिळत नाही.
• रुग्णाचा फोटो आणि अहवाल त्याला विचारूनच पुढे पाठवा. बरं झाल्यावर त्याला नोकरी शोधायची असते, लग्न करायचं असतं आणि मोबाइलवर फिरलेला फोटो परत घेता येत नाही.

एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दहा मित्रांनी उपचार संपेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम दिली, तर खोलीचं भाडं आणि गाडीभाडं वेळेवर सुटतं.