वि. भि. कोलते आणि महानुभाव वाङ्मयाचा इतिहास

मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकांपुढे दीर्घकाळ एक विलक्षण अडचण होती. यादवकालीन गद्याचा मोठा साठा अस्तित्वात होता. परंतु तो महानुभाव मठांतील बासनांत बांधलेला असून सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिलेला होता. पोथी हाती आली तरी लिपीची किल्ली ठाऊक नसणाऱ्यास तिचा उपयोग नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली आणि वि. ल. भावे यांनी आपल्या ‘महाराष्ट्र सारस्वता’त या वाङ्मयास स्थान दिले. मात्र लिपी वाचता येणे आणि ग्रंथ समजणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीपासून दुसरीपर्यंतचे अंतर ज्यांनी आयुष्यभराच्या परिश्रमाने तोडले, त्यांत डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

कोलते यांचा जन्म २२ जून १९०८ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात नरवेल या गावी झाला. पुढे अमरावती व नागपूर येथे त्यांनी मराठीचे अध्यापन केले. १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६७ साली भोपाळ येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९९१ मध्ये त्यांस पद्मभूषण मिळाले आणि १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. या मानसन्मानांची यादी येथे लांबविण्याचे कारण नाही. त्यांच्या पुष्कळशा महानुभावविषयक ग्रंथांवर प्रकाशनस्थळ म्हणून मलकापूर हे नाव छापलेले आहे, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. पुणे-मुंबईच्या प्रकाशनव्यवसायापासून दूर, एका तालुक्याच्या गावातून प्राचीन मराठीचे आधारग्रंथ बाहेर पडत होते.

आरंभी कोलते हे काव्याचे समीक्षक होते. १९३५ साली त्यांनी भास्करभट्ट बोरीकरांवर ग्रंथ लिहिला. भास्करभट्टाच्या ‘शिशुपाळवधा’विषयी पंथात एक कथा प्रसिद्ध आहे. हे काव्य शृंगारप्रधान असल्याने निवृत्तिमार्गीयांस उपयोगाचे नाही, असा अभिप्राय ज्येष्ठ गुरुबंधू भावेव्यासांनी दिला. त्यानंतर कवीने ‘उद्धवगीता’ रचली. रसचर्चा करणाऱ्या टीकाकाराने या काव्यातील वर्णनांचे सौंदर्य दाखवून थांबावयाचे, तर काम सोपे आहे. परंतु हा आक्षेप का आला, तो घेणाऱ्या समाजाची काव्याकडून अपेक्षा कोणती होती, हे सांगावयाचे झाल्यास त्या समाजाचे तत्त्वज्ञान, आचार आणि गुरुपरंपरा यांचे ज्ञान अपरिहार्य ठरते. पुढील काळातील कोलते यांच्या ग्रंथांची दिशा याच गरजेतून उलगडते : ‘श्रीगोविंदप्रभुचरित्रा’चे संपादन १९४४ मध्ये, ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ १९४५ मध्ये, ‘महानुभाव आचारधर्म’ १९४८ मध्ये आणि ‘श्रीचक्रधर चरित्र’ १९५२ मध्ये. समीक्षकाला इतिहासकार व्हावे लागले, ते असे. या ग्रंथांतील त्यांची शैली कोरडी आहे, वकिली थाटाची आहे, असे वाचकास वाटल्यास नवल नाही. पण पुराव्याचा प्रत्येक दुवा तपासून पुढे जाणाऱ्याकडून लालित्याची अपेक्षा करणे फारसे न्याय्य नव्हे.

या सर्व उद्योगाच्या केंद्रस्थानी ‘लीळाचरित्र’ आहे. शके १२०० च्या सुमारास रिद्धपूर येथे म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी संकलित केल्या. संकलनाची त्याची रीत आजच्या संशोधकासही विचार करावयास लावणारी आहे. ज्याने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती विचारावयाची आणि नागदेवाचार्यांकडून तिची खातरजमा करून घ्यावयाची, असा त्याचा परिपाठ होता. परंतु म्हाइंभटाची मूळ प्रत आज अस्तित्वात नाही. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी, यादवसत्तेच्या पडझडीच्या धामधुमीत ती नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणाने ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे पंथीय परंपराच सांगते. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी निरनिराळी नावे यातूनच रूढ झाली. एका आठवणीचे दोन प्रकार ऐकिवात असतील, तर पोथीत दुसरा प्रकार ‘वासना’ या संज्ञेखाली नोंदविलेला आढळतो. भिन्न साक्षींपैकी एक दडपून न टाकता दोन्ही जपण्याची ही वृत्ती मध्ययुगीन ग्रंथपरंपरेत विरळाच म्हणावी लागेल.

तेव्हा ‘लीळाचरित्र’ हे तेराव्या शतकाचे समकालीन साधन मानावयाचे की चौदाव्या शतकातील स्मृतीचे? या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. यादवकालीन अन्न, वस्त्रे, व्यवसाय, नाणी, जातिव्यवहार, स्त्रियांचे बोलणे यांविषयीची माहिती अन्य साधनांत इतक्या तपशिलाने मिळत नाही. ती कोणत्या काळाची समजावयाची, हे पाठनिर्णयाशिवाय ठरत नाही. हरि नारायण नेने यांनी १९३६ पासून नागपुरातूनच हा ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला होता. १९६४ ते १९६७ या काळात शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती आली. कोलते यांनी संपादिलेले ‘म्हाइंभट संकलित श्रीचक्रधर लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केले, तेव्हा त्यांचे वय सत्तर होते.

त्यांनी संपादिलेल्या ‘स्थानपोथी’कडे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांचे लक्ष क्वचितच जाते. चक्रधर कोठे बसले, कोठे निजले, देवळाचे दार कोणत्या दिशेस, ओटा कोठे, याची ती नोंदवही आहे. काव्य म्हणून तिची किंमत शून्य. परंतु लीळेतील घटना आणि भूमीवरील स्थान यांचा मेळ घालण्यास तिच्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. भग्न किंवा लुप्त झालेल्या कित्येक देवालयांची रचनाही तिच्यावरून अनुमानिता येते.

१९७८ च्या आवृत्तीस महानुभाव पंथीयांपैकी अनेकांनी तीव्र विरोध केला. काही लीळांचा मजकूर त्यांस आक्षेपार्ह वाटला. चक्रधरांच्या अखेरीचा प्रश्न तर पूर्वीपासूनच नाजूक होता. चक्रधर उत्तरापंथे गेले ही पंथाची श्रद्धा. हेमाद्रीचे वैर आणि राजसत्तेने केलेला छळ यांच्या उल्लेखांकडे इतिहासकारास डोळेझाक करता येत नाही. हा वाद केवळ शास्त्र आणि श्रद्धा यांच्यातील झगडा म्हणून मांडणे मात्र अपुरे होईल. ज्या पोथ्यांच्या आधारे कोलते लिहीत होते, त्या सहा शतके जिवापाड जपल्या होत्या त्या याच पंथाने. लिपी सांकेतिक करण्यामागेही ग्रंथ अपात्र हाती पडू नये हीच चिंता होती. ज्यांच्या विश्वासामुळे साधने उपलब्ध होतात, त्यांनाच निष्कर्ष दुखवितात, हा प्रसंग संशोधकावर येतो तेव्हा पाठ गाळणे हा मार्ग सोयीचा असतो. संपादक या नात्याने कोलते यांनी तो पत्करला नाही. पोथीत आहे ते छापावयाचे, हा त्यांचा बाणा होता, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

विदर्भाबाहेर या कार्याचा उपयोग परभाषिक अभ्यासकांनी जितक्या तत्परतेने केला, तितका मराठी समीक्षेने केला असे म्हणवत नाही. अमेरिकन विदुषी ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले; पुढे तुळपुळे यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला. २०२४ पासून त्यांनी केलेले ‘लीळाचरित्रा’चे भाषांतर खंडशः प्रकाशित होऊ लागले आहे. आपल्याकडील पदव्युत्तर वर्गांत मात्र ‘लीळाचरित्र’ अजूनही निवडक वेच्यांच्या रूपाने वाचले जाते, आणि वेचे निवडताना ‘वासना’ बहुधा गळून पडतात.