महानौकेची फजिती

ब्रुनेल या इंग्रज स्थापत्यविशारदाने 'ग्रेट ईस्टर्न' ही आगबोट योजिली ती ४००० उतारूंसह, वाटेत कोळसा न भरता, पूर्वेकडे जाण्यासाठी. परंतु १८६० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून सुमारे २००० लोक तिच्यावर सागरसहलीस निघाले, तेव्हा बिछाने अपुरे पडले आणि अन्नाचे हाल झाले. धुराड्यांची काजळी अंगावर घेत कित्येकांनी डेकवरच रात्र काढली. जागा विपुल होती, व्यवस्था नव्हती.

पुढे उतारूंची दालने काढून तीत समुद्री तारेच्या टाक्या बसविल्या, आणि १८७० साली मुंबईहून एडनकडे तार टाकण्याचे मुख्य काम याच नौकेने केले. मोठेपणाला योजनेची जोड लागते, हे कारभारात आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींस निराळे सांगावयास नको.