ताजच्या नृत्यगृहांतील ठेका

आम्हां बुलढाणा जिल्ह्यांतील लोकांस मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचें नृत्यगृह पाहण्याचा योग क्वचितच आला असेल. १९३५ सालीं तेथें लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन वादकाचा जाझ-वाद्यवृंद आला. श्रोते अर्थातच साहेबलोक व धनिक! मग तो ठेका आमच्या कानीं आला कसा?

त्याचें श्रेय गोमंतकीय वादकांस आहे. चर्चच्या शाळांत पाश्चात्य स्वरलिपि शिकल्यामुळें नृत्यगृहें आणि चित्रपट या दोन्हीं ठिकाणीं त्यांस मागणी असे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतील ख्यातनाम ट्रम्पेटवादक. १९४० नंतरच्या दशकांत त्यांचा वाद्यवृंद ताजमध्यें गाजला. पुढें ते सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत ते पडद्यावरहि दिसले.

मलकापूर-खामगांवच्या ज्या रसिकानें ‘अलबेला’ पाहिला, त्यानें ताजची पायरी न चढतां तो ठेका ऐकला. परंतु आम्ही संगीतकाराचें नांव स्मरणांत ठेविलें, वादकाचें विसरलों. चिक १९६७ सालीं निवर्तले. त्यांचें स्मरण हा उपकार नव्हे. तें आमचें देणें आहे.