गोलाईचे सोळा रस्ते

लातुरात नवा आलेला माणूस गंजगोलाईत एकदा तरी चुकतोच. गोल फिरतो, पुन्हा त्याच ठिकाणी येतो आणि मग कोणाला तरी विचारतो, "कापड लाइन कुठं आली हो?" उत्तर देणारा हात करून रस्ता दाखवतो. सोनं एका रस्त्याला, चपला दुसऱ्या, मिरची तिसऱ्या, गूळ चौथ्या. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि तिथून फुटलेले सोळा रस्ते. हा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा, साल १९१७. राज्य तेव्हा निजामाचं होतं.

आराखडा काढणाऱ्यानं गाव धंद्यावरून वाटलं, जातीधर्मावरून नाही. बाजारात असंच असतं, त्यात काय विशेष, असं कोणी म्हणेल. मला मात्र लातूरच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. का, ते सांगतो.

गोलाईच्या सहा वर्षं आधी, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी कुर्डुवाडीला जाई. तिथं माल मोठ्या गाडीत चढवला की मुंबईचा बाजार मोकळा. गाडी आली तशी आडत वाढली. मारवाडी आले, गुजराती आले. लिंगायत व्यापारी होतेच. हमाल, मापाडी, गाडीवान आजूबाजूच्या खेड्यांतून आले. आमच्याकडची आडनावं बघा: अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी. माणसाचा धंदा काय ते नावातच. कासार बांगड्या भरी, मणियारही भरी. बाई विचारी फक्त बांगडीचा भाव. आम्ही घरात दखनी बोलायचो, उंबरा ओलांडला की मराठी. कविता मला मराठीत सुचली, ती याच उंबऱ्यावर.

पण याच गावात कासीम रझवी वकिली करत होता. रझाकारांचा म्होरक्या, आमच्या लातूरचा वकील! त्याच्या लोकांनी गावं लुटली, माणसं मारली. हजारो कुटुंबं सरहद्दीपलीकडे पळाली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तुरुंगात गेले. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. मुसलमान म्हणजे रझाकार असं सरसकट बोलणाऱ्याला मी हे एवढं एक नाव सांगतो.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. शाळेत आम्ही त्या दिवशी झेंड्याला सलामी द्यायचो, मोठ्यानं गाणी म्हणायचो. घरी त्याच सालाला दुसरं नाव होतं, 'पुलिस ॲक्शन', आणि ते आवाज खाली आणूनच उच्चारलं जाई. दादी एवढंच म्हणायची, "उस साल लोगां बहुत कम हो गए." पुढं विचारलं की ती सूप घेऊन दाणे पाखडायला बसायची.

ते पुढचं मला फार उशिरा वाचायला मिळालं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती भारत सरकारनं नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात फिरवली. तिचा अहवाल कित्येक वर्षं दडवलेलाच राहिला. २०१३ मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहायला मिळू लागला. त्यात लातूरचं नाव आहे. दहा हजारांच्या आसपास मुसलमानांपैकी समितीला गावात जेमतेम तीन हजार दिसले. हजारावर मारले गेले, बाकीचे पळून गेले होते. कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली होती.

हे आकडे सांगताना मला रझाकारांचे अत्याचार झाकायचे नाहीत. दोन्ही दुःखं याच मातीतली आहेत. पण याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि तिच्यासाठीच मी आज बोलतो आहे. अनेक हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी जास्त दिसली, असं समिती सांगते. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी आपल्याच धर्माच्या लोकांपुढं उभे राहिले आणि काहींनी त्यात प्राण दिले. ज्याच्या शेजारी बसून माग चालवला, सूत उधार घेतलं, त्याला मरू कसं द्यायचं? संतांचे अभंग किंवा कुराणाच्या आयती तिथं कोणी म्हटल्या असतील-नसतील. मागाचा शेजार मात्र होता.

त्या छोट्या गाडीचे रूळ पुढं रुंद झाले. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा त्याच मार्गानं मिरजेहून पाण्याची गाडी आली. १२ एप्रिलची पहाट, दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, १४४ कलम! आमच्या गल्लीत टँकर येण्याआधी घागरींचे नंबर लागत. घागर कोणाची ते झाकणावरच्या रंगावरून कळे. भांडणं झाली, भरपूर झाली, पण ती "तुझा नंबर माझ्यानंतर" एवढ्यावरच झाली. दोन रात्री मी स्वतः घागरी राखत बसलो होतो. शेजारी एक निवृत्त हमाल बसायचे. बार्शी लाइटमध्ये पोती भरल्याच्या गोष्टी सांगायचे.

आता गाव चहूबाजूंनी पसरलं आहे. नव्या वसाहतींना सोळा रस्ते नाहीत, एक कमान आहे आणि कमानीवरच्या नावातच आत कोण राहतं ते कळतं. माझा भाचा शिक्षक आहे. तो अशा एका वसाहतीत भाड्यानं घर बघायला गेला. घर पसंत पडलं, भाडं ठरलं, चहा झाला, मग मालकांनी पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं गावाकडचे पाहुणे कायमचे राहायला येणार होते! मुसलमान वस्तीतही याच्या उलट प्रकार चालतो, हेही इथंच सांगून टाकतो.

भाच्याला घर मिळालं ते शेवटी गोलाईजवळ, एका आडत्याच्या माडीवर. भाडं थोडं जास्त आहे, गाडी लावायला जागा नाही. खाली मिरचीची पोती उतरायला लागली की सगळी माडी शिंकत असते.