विधी सेवा प्राधिकरण : मोफत कायदेविषयक सल्ल्याची प्रशासकीय रचना

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९अ अन्वये मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८० पासून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील समिती देशभरातील योजनांवर देखरेख करीत असे; मात्र तिला कायद्याचा आधार नव्हता. ही उणीव दूर करणारा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व तालुका अशी चौस्तरीय रचना उभी राहिली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशांकडे, तर तालुका समितीचे तेथील ज्येष्ठतम न्यायिक अधिकाऱ्याकडे असते. कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमाती व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागू नसते. तालुका समिती असेल तेथे साहाय्यासाठीचा अर्ज तालुक्यातच करता येतो.