एसएसडी भरली तर? जुनी डिस्क क्लोन करून मोठी एसएसडी बसवताना काय सांभाळावे?

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यातील खापरखेडा हे गाव महानिर्मितीच्या १३४० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रामुळे राज्यभर माहीत आहे. वीज केंद्र, कोळसा खाणी, कामगारांच्या वसाहती आणि त्यांच्या आधाराने चालणारी झेरॉक्स, टायपिंग व ऑनलाइन अर्जांची दुकाने, असे इथले जीवन. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन वर्गांसाठी अशा गावांतही घरोघरी लॅपटॉप घेतले गेले. त्या वेळी २५६ जीबीची एसएसडी पुरेशी वाटत होती. आता त्याच लॅपटॉपमध्ये मोबाइलमधून उतरवलेले लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे प्रकल्प आणि विंडोजची अपडेट्स साचली आहेत आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे.

यावर दुकानदार सुचवतात तो उपाय म्हणजे मोठी एसएसडी घ्या, ‘क्लोन मारून’ देतो. उपाय योग्य आहे. मात्र एका चुकीच्या क्लिकने सगळा डेटा पुसला जाण्याचा धोकाही याच कामात आहे. म्हणून नियम एकच लक्षात ठेवावा : नवी डिस्क पूर्ण तपासून होईपर्यंत जुन्या डिस्कवर काहीही लिहायचे नाही, काहीही पुसायचे नाही.

क्लोनिंग म्हणजे नेमके काय?

फाइल कॉपी-पेस्ट करणे आणि क्लोन करणे यांत फरक आहे. कॉपी-पेस्टमध्ये फोटो आणि कागदपत्रे जातात, विंडोज जात नाही. क्लोनमध्ये विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज, पासवर्ड, डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि संगणक सुरू करणारे लपलेले भाग, असे सगळे नव्या डिस्कवर उतरते. नवी डिस्क बसवून बटण दाबले की संगणक जुन्यासारखाच सुरू होतो.

ही पद्धत जुनी आहे. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेले ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने घेतले आणि ते ‘नॉर्टन घोस्ट’ म्हणून जगभर पोहोचले. जुने तंत्रज्ञ आजही या कामाला ‘घोस्ट करणे’ म्हणतात, ते त्यामुळेच.

विंडोज नव्याने टाकण्यापेक्षा क्लोन का?

विंडोज नव्याने टाकणे केव्हाही स्वच्छ काम. पण टायपिंगच्या दुकानात श्रीलिपी किंवा आयएसएमसारखे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर असते, हिशेबासाठी टॅली असते, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर असतात. त्यांच्या सीडी हरवलेल्या असतात, परवान्याचे कागद सापडत नाहीत. अशा ठिकाणी क्लोनमुळे दोन-तीन दिवसांचे काम काही तासांत होते.

तरीही काही सॉफ्टवेअरचा परवाना विशिष्ट डिस्कशी बांधलेला असतो आणि डिस्क बदलल्यावर ते पुन्हा नोंदणी मागते. त्यामुळे परवान्याचा क्रमांक, नोंदणीचा ईमेल आणि पासवर्ड आधी लिहून ठेवावा. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असल्याने फक्त एसएसडी बदलल्यावर तो सहसा कायम राहतो.

संगणकात व्हायरस असेल किंवा विंडोज सतत अडत असेल, तर क्लोन करू नये. आजारही जसाच्या तसा नव्या डिस्कवर जातो.

कोणती एसएसडी बसेल?

नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात जाण्यापूर्वी किंवा ऑनलाइन मागवण्यापूर्वी लॅपटॉपमध्ये कोणती जागा आहे ते पाहावे लागते. साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिला, अडीच इंची सॅटा. चपट्या डबीसारखी ही एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो.

दुसरा, एम.२ सॅटा. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते, पण वेग पहिल्या प्रकाराइतकाच.

तिसरा, एम.२ एनव्हीएमई. दिसायला दुसऱ्यासारखीच, पण पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने चालते. तिसऱ्या पिढीच्या चांगल्या एसएसडीचा वेग सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत असतो.

घोटाळा होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्यात. पट्टी खाचेत बसते, पण संगणकाला दिसत नाही. एम.२ पट्टीची लांबीही पाहावी. ‘२२८०’ म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. लॅपटॉपचे मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून खात्री करणे सर्वांत सोपे.

किमतीच्या मोहातही पडू नये. अगदी स्वस्तात अनेक टीबी देणाऱ्या, अनोळखी नावांच्या डिस्क बनावट असू शकतात. त्या संगणकाला खोटी क्षमता दाखवतात आणि खरी जागा संपली की आधीच्या फाइल खराब होऊ लागतात. अधिकृत विक्रेता, पक्के बिल आणि वॉरंटी, या तीन गोष्टींवर तडजोड नको.

क्लोन करण्यापूर्वी कोणती तयारी?

बॅकअप : क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. मुलांचे फोटो, जमिनीचे कागद, दुकानाचा हिशेब असे जे पुन्हा मिळणार नाही, ते आधी वेगळ्या बाह्य डिस्कवर घ्यावे.

जुन्या डिस्कची तब्येत : ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखे मोफत साधन डिस्कची अवस्था दाखवते. इशारा दिसला किंवा फाइल उघडताना संगणक गोठत असेल, तर आधी महत्त्वाच्या फाइल काढाव्यात. मरू घातलेल्या डिस्कवर पुन्हा पुन्हा क्लोनचा प्रयत्न केल्यास उरलासुरला डेटाही जाऊ शकतो.

बिटलॉकर : हा टप्पा सर्वाधिक विसरला जातो. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. डिस्क बदलल्यावर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच उतरवून घ्यावी. त्यानंतर सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागात जाऊन ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करावे आणि कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबावे. काम झाल्यावर ते पुन्हा चालू करता येते.

वीज : वीज केंद्राच्या गावातही वादळी पावसात दिवे जातातच. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावून ठेवावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा. क्लोन मध्येच थांबला तरी जुन्या डिस्कवर काही लिहिले जात नसल्याने ती सहसा सुरक्षित राहते आणि काम पुन्हा पहिल्यापासून करता येते.

प्रत्यक्ष क्लोन कसा करतात?

बऱ्याच लॅपटॉपमध्ये एकच एसएसडी बसते. त्यामुळे नवी एसएसडी यूएसबीच्या बाह्य डबीत म्हणजे एन्क्लोजरमध्ये घालून जोडतात. सॅटाची डबी एनव्हीएमईला चालत नाही, हे घेताना पाहावे. यूएसबी ३ च्या खाचेतून २०० जीबी डेटा साधारण अर्ध्या ते एका तासात जाऊ शकतो. यूएसबी २ मध्ये जोडल्यास दीड-दोन तास धरावेत.

सॅमसंगसारख्या काही कंपन्या आपल्या एसएसडीसोबत क्लोनचे सॉफ्टवेअर मोफत देतात. नवख्यांसाठी ते सोयीचे. तैवानमध्ये विकसित झालेले ‘क्लोनझिला’ हे मुक्त सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालते. ते भरवशाचे आहे, पण त्याचा पडदा काळा आणि अक्षरांचा असल्याने नवख्याला अवघड वाटते.

सॉफ्टवेअर दोन गोष्टी विचारते : ‘सोर्स’ म्हणजे कुठून आणि ‘टार्गेट’ म्हणजे कुठे. टार्गेटवरचे सगळे पुसले जाते. इथे उलटी निवड झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि वर्षांचा डेटा काही मिनिटांत जातो. म्हणून फक्त ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ या क्रमांकांवर विसंबू नये. कंपनीचे नाव, मॉडेल आणि आकार तिन्ही जुळवावेत. कामापूर्वी इतर पेनड्राइव्ह आणि बाह्य डिस्क काढून ठेवाव्यात.

नंतर संगणक पूर्ण बंद करून जुनी एसएसडी काढावी आणि नवी बसवावी. झाकण उघडण्यापूर्वी चार्जर काढावा, शक्य असल्यास बॅटरीची पिनही काढावी. कोळशाच्या पट्ट्यात लॅपटॉपच्या आत बारीक धूळ साचते, ती मऊ ब्रशने झाडून घ्यावी. पहिल्यांदा सुरू करताना फक्त नवी डिस्क जोडलेली असावी. दोन्ही एकसारख्या डिस्क एकाच वेळी जोडल्यास विंडोज कोणत्या डिस्कवरून सुरू झाली हे कळत नाही, आणि दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला बाजूलाही ठेवू शकते.

सॅटावरून एनव्हीएमईवर जाताना विंडोज पहिल्यांदा निळ्या पडद्यावर अडू शकते. तिला एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून पुन्हा नेहमीप्रमाणे सुरू केल्यास अनेकदा अडचण सुटते.

एक टीबी घेतली, तरी सी ड्राइव्ह जुन्याएवढाच का?

क्लोननंतरची ही नेहमीची तक्रार. मुळात १ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसते आणि २५६ जीबीची सुमारे २३८. यात फसवणूक नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे अधिक बाइट धरते.

खरी अडचण पुढे असते. क्लोन जुन्या डिस्कचे कप्पे जुन्याच मापाने उतरवतो. उरलेली जागा डिस्कच्या शेवटी ‘अनअलोकेटेड’ म्हणून रिकामी राहते. सी ड्राइव्ह आणि ही रिकामी जागा यांच्या मधे बहुतेकदा विंडोजचा ‘रिकव्हरी’ कप्पा असतो. विंडोजचे ‘डिस्क मॅनेजमेंट’ फक्त लगतची जागा जोडू शकते. म्हणून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिकट दिसतो आणि दाबता येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. क्लोन करतानाच सॉफ्टवेअरमध्ये सी ड्राइव्हचा आकार वाढवून घ्यावा, बरीच साधने ही सोय देतात. किंवा नंतर ‘जीपार्टेड’सारख्या मोफत साधनाने रिकव्हरी कप्पा शेवटी सरकवून सी ड्राइव्ह वाढवावा. हे काम नव्या डिस्कवरच करावे. कप्पे सरकवताना वीज गेली, तर बिघाड होईल तो नव्या डिस्कवर, आणि जुनी हाताशी असेल. हाच उद्योग आधी जुन्या डिस्कवर केला, तर मागे फिरायला वाट उरत नाही.

काम झाले हे कसे ओळखावे?

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे नाही. जुने-नवे दहा-वीस फोटो आणि व्हिडिओ उघडून पाहावेत. टॅलीत मागच्या वर्षाचा हिशेब उघडावा. श्रीलिपीत एखादे पान टाइप करून छापावे. बँकेची डिजिटल सही वापरात असेल तर तीही तपासावी. नंतर तीन-चार आठवडे नेहमीसारखे काम करावे. तोवर जुनी डिस्क लेबल लावून बाजूला ठेवावी.

जुन्या एसएसडीचे काय करावे?

ती कपाटात ठेवून फोटोंची तिजोरी समजू नये. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि विजेविना पडून राहिल्यास हा भार हळूहळू गळतो. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार घरगुती एसएसडीने तिची ठरलेली लेखनमर्यादा संपल्यावर, ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा असते. कमी वापरलेली एसएसडी जास्त टिकते, पण उष्णता वाढली की हा काळ घटतो. नागपूर भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीतले कपाट त्याहून तापते. दीर्घकाळासाठी फोटो बाह्य हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी, असे दोन जागी ठेवावेत.

जुनी एसएसडी विकायची असल्यास नुसते फॉरमॅट पुरत नाही. एसएसडी आपल्या आतल्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून माहिती सतत जागा बदलत लिहिते, त्यामुळे वरून पुसलेली माहिती आत उरू शकते. कंपनीच्या साधनातील ‘सिक्युअर इरेज’ वापरावे. बंद पडलेली डिस्क भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत त्यासाठी नोंदणीकृत पुनर्वापर व्यवस्था ठरवून दिली आहे.

दुकानात काम देत असल्यास एवढेच सांगावे : “जुनी डिस्क पुसू नका, मला परत द्या.” क्लोनमध्ये काही राहून गेले असेल, तर ते त्या परत आणलेल्या डिस्कवरूनच मिळू शकते.